स्वकर्म कुणाचं, आणि ठरवायचं कुणी? (गीता १८.४५ ते ४७)



रोजच्या वाचनात आपण अठराव्या अध्यायाच्या उत्तरार्धात आलो आहोत. आजचे तीन श्लोक आहेत पंचेचाळीस, सेहेचाळीस आणि सत्तेचाळीस. मूळ श्लोक तुमच्या पुस्तकात शांतपणे वाचा, मी फक्त आशय सांगतो. माणूस आपापल्या कर्मात रमला की त्याला सिद्धी मिळते. ज्याच्यापासून हे सगळं निर्माण झालं, त्याची पूजा आपल्या कर्मानेच करता येते. आणि दुसऱ्याचं काम कितीही चांगलं साधत असलं, तरी आपलं काम, त्यात उणीव असली तरी, जास्त श्रेयस्कर.

वाचायला किती सुंदर! पण काल एका मैत्रिणीचा मेसेज आला. तिने पुढचं वाचून ठेवलं होतं. ती विचारते, "दादा, मग सुताराच्या मुलाने सुतारच राहायचं का? वीटभट्टीवरच्या मुलीने भट्टीवरच? हा श्लोक ऐकवून किती जणांना खाली बसवलं असेल?"

प्रश्न खरा आहे. त्याला बगल देऊन पुढे गेलो तर आजच्या चिंतनाला अर्थ नाही.

आधी प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करू. "गीतेत जन्माचा काही संबंधच नाही" असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. चौथ्या अध्यायात भगवंत गुण आणि कर्म यांवरून विभागणी सांगतात. इथे अठराव्यातही स्वभावातून आलेले गुण असाच शब्दप्रयोग आहे. पण पुढच्याच अठ्ठेचाळिसाव्या श्लोकात 'सहज' कर्म असा शब्द येतो, आणि शंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ जन्माबरोबरच आलेलं असा घेतला आहे. म्हणजे जुने टीकाकार हा श्लोक जन्माशी जोडून वाचत होते. समाजानेही तसाच वाचला. शतकानुशतकं.

मग प्राचीन काळी सगळे असंच मानत होते का? तर नाही. आपल्याच ग्रंथांत यावर भांडण चालू आहे. महाभारतात वनपर्वात अजगर झालेला नहुष भीमाला विळखा घालतो आणि युधिष्ठिराला विचारतो, ब्राह्मण कोण? युधिष्ठिर सत्य, दान, क्षमा असे गुण सांगतो. अजगर अडवतो: हे गुण शूद्रात दिसले तर? युधिष्ठिर सरळ सांगतो की मग तो शूद्र नव्हे, आणि ज्याच्यात हे गुण नाहीत तो ब्राह्मण नव्हे. त्याच वनपर्वात मिथिलेचा एक मांसविक्रेता, धर्मव्याध, एका तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवतो. आणि त्या ब्राह्मणाला त्याच्याकडे कोण पाठवतं? एक घरकाम करणारी गृहिणी.

पण त्याच महाभारतात कर्ण आहे. अंगदेशाचं राज्य मिळाल्यावरही भर रंगमंडपात त्याला सूतपुत्र म्हणून हिणवलं जातं. मुकुट मिळाला, पण नाव चिकटलेलंच राहिलं. आणि एकलव्य आहे, ज्याच्याकडे गुणही होता आणि कर्मही होतं. अंगठा मात्र राहिला नाही. ग्रंथ या जखमा लपवत नाही. म्हणून मला तो प्रामाणिक वाटतो.

आता ग्रंथातून बाहेर येऊ आणि दगडाकडे जाऊ. माझं गाव पेण तालुक्यातलं. आमच्याकडून रोहा, रोह्याहून तळा, आणि तळ्याच्या पुढे राजपुरीच्या खाडीकडे उतरलं की कुडा लेणी लागतात. पाऊस ओसरल्यावर जरूर जा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली बौद्ध लेणी आहेत ही. भिंतींवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं आहेत. ती यादी वाचली की शाळेत शिकलेली प्राचीन समाजाची सरळ उतरंड जरा हलते. तिथे महाभोज या स्थानिक सत्ताधारी घराण्याचं दान आहे. त्यांच्या पदरच्या लेखकाचं आहे. एका वैद्याचं आहे. श्रेष्ठीचं म्हणजे सावकाराचं आहे. एका ब्राह्मण उपासकाच्या बायकोचं, तिच्या स्वतःच्या नावाने दिलेलं दान आहे. कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचं आहे. आणि एका माळ्याचंही आहे.

फुलं विकणाऱ्या माणसाने लेणं कोरवून दिलं, आणि सत्ताधाऱ्यांच्या नावाशेजारी त्याचं नाव दगडात राहिलं. हे कसं जमलं असेल? खाडीतून बंदर चालत होतं, घाटावरून माल उतरत होता. व्यापार वाहता असला की पैसा नव्या हातांत जातो आणि उतरंड थोडी सैल होते. पण एक बारीक गोष्ट बघा. शिलालेखात तो माळी आहे आणि त्याचा बापही माळीच आहे. नाव वर गेलं. धंदा मात्र वडिलांचाच राहिला. म्हणजे तेव्हाही दोन्ही गोष्टी एकत्र होत्या: मान मिळवायची वाट होती, आणि बापाच्या कामाची चौकटही होती.

पुढच्या काळात ही चौकट आणखी घट्ट होत गेली. गावगाड्यात बलुतं आलं, वतन आलं, काम वंशपरंपरेने ठरू लागलं. आपल्या संतांनी देवाच्या दारात सगळे सारखे हे ठणकावून सांगितलं, आणि चोखोबा त्या भक्तीच्या अगदी शिखरावर पोचले. पण पंढरपूरला गेलात तर त्यांची समाधी कुठे आहे ते बघा. महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर. चोखोबा गेले चौदाव्या शतकात. अस्पृश्य मानलेल्या माणसांना विठ्ठलाच्या मंदिरात जाता यावं म्हणून साने गुरुजींना उपोषण करावं लागलं ते १९४७ साली. मधे सहाशे वर्षं गेली. तेवढ्या काळात अभंग घरोघरी गायले गेले, दिंड्या निघाल्या, टाळ वाजले. दार मात्र बंदच होतं.

यातून मी एक गोष्ट शिकलो. आत्मा सगळ्यांचा सारखा आहे हे मानणं आणि पायरी सगळ्यांना सारखी चढू देणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं केलं की दुसरं आपोआप होतं, असं नाही.

आता आपल्या भागाची खरी गोष्ट सांगतो. ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी एक मुलगा जन्मला. त्यानंतर चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळच्या नाते गावी दुसरा मुलगा जन्मला. त्याचं घराणं रोह्याचं. पहिले विनोबा भावे, दुसरे चिंतामणराव देशमुख. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा आपला रायगड.

चिंतामणराव शिकत शिकत वर गेले. १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री झाले. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये ते मंत्रिपद सोडून मोकळे झाले.

विनोबा उलट्या दिशेने चालले. १९१६ मध्ये घर सोडण्याआधी त्यांनी आपले शाळा-कॉलेजचे दाखले आईसमोर चुलीत घातले. पुढे आयुष्यभर चरखा, कुदळ आणि झाडू. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात ते पवनारजवळच्या सुरगावला रोज चालत जाऊन मैला-सफाईचं काम करत. हा माणूस गीतेचा केवढा अभ्यासक! आईला समजावी म्हणून गीता मराठीत आणणारा, आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांना अठराही अध्याय सांगणारा. ती प्रवचनं लिहून घेतली साने गुरुजींनी. स्वकर्माचा श्लोक विनोबांनी दुसऱ्याला ऐकवून थांबवला नाही, स्वतःच्या हातात झाडू घेऊन वाचला.

गंमत म्हणजे मॅगसेसे पुरस्कार विनोबांना १९५८ साली मिळाला आणि चिंतामणरावांना १९५९ साली. एक वर चढला, एक स्वेच्छेने खाली उतरला, आणि जगाने लागोपाठ दोघांनाही नमस्कार केला. 'स्वभावातून आलेलं कर्म' याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. दोघेही सुशिक्षित घरांतले, पण स्वभाव वेगळे, म्हणून वाटाही वेगळ्या.

इथेच थांबलो असतो तर प्रवचन छान गोड झालं असतं. पण त्याच वर्षी, त्याच तालुक्यात आणखीही मुलं जन्मली होती. खोताची जमीन कसणाऱ्या कुळाच्या घरात जन्मली, डोंगरावरच्या कातकरी वाडीत जन्मली. त्यांनी काय निवडलं?

त्यांच्यापुढे निवड नव्हतीच. दाखला जाळायला आधी दाखला असावा लागतो. खाली उतरायलाही आधी कुठल्यातरी पायरीवर उभं असावं लागतं.

कुळांची गोष्ट माझ्या घरातली आहे. आमचे पणजोबा खारेपाटात दुसऱ्याची जमीन कसायचे. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालायचा तो कुळानेच, आणि पिकलं की खळ्यावर मोठा वाटा उचलायचा तो खोताने. हेच तुमचं नशीब, हेच तुमचं कर्म, असं सांगणारे तेव्हाही होते. मग शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी गावाच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये संप केला. शेतं पडीक ठेवली, पण कसायला गेले नाहीत. सहा वर्षं! लाकडं विकून, मिळेल ती मजुरी करून माणसं जगली. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती संपवण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. पुढे कूळ कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी, कागदावर का होईना, कसणारा मालक ठरला.

आमच्या आजोबांना '३२ म' चं प्रमाणपत्र मिळालं. विनोबांनी दाखला चुलीत घातला. आमच्या आजोबांनी दाखला पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या धोतराच्या घडीत जपला. मला या दोन्ही कृती तितक्याच पवित्र वाटतात. आजी म्हणायची, "देव देतो ते खरं रं बाला, पण सातबारा तलाठीच देतो." लहानपणी मला ते हसण्यावारी वाटायचं. आता वाटतं, तिने कर्मयोगावर अख्खं प्रवचन एका वाक्यात केलं होतं.

त्या सातबाऱ्यावर बाबा शिकले. बाबांच्या नोकरीवर मी इंजिनीअर झालो. आज ऐरोलीच्या एसी ऑफिसात बसतो. 'सेल्फ मेड' म्हणून कुणी कौतुक केलं की मला हसू येतं. माझ्या पायरीखाली एक संप आहे, एक कायदा आहे, जिल्हा परिषदेची शाळा आहे, आणि उपाशी राहिलेली कितीतरी माणसं आहेत ज्यांची नावं कुठल्याही दगडावर कोरलेली नाहीत.

आणि कातकरी? पूर्वी खैराच्या झाडापासून कात काढायचे, त्यावरून हे नाव. जंगल सरकारी झालं, कात संपला, मग कोळसा पाडणं, मग वीटभट्टी. आजही दिवाळी झाली की पेण-रोह्याच्या वाड्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं भट्ट्यांवर जातात. मालकाने आधी दिलेली उचल फेडायची असते. पोरं शाळेतून निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. कायद्याने वेठ संपली, उचल मात्र चालू राहिली. आमच्या शेतावर लावणीला त्यांच्याच वाडीतली माणसं यायची. आम्ही तीन पिढ्यांत तीन पायऱ्या चढलो. त्यांची नातवंडं अजून विटा थापतात.

आता त्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे परत येतो. मला सुचलेलं उत्तर असं आहे.

गीता म्हणते, स्वभावातून येणारं कर्म कर. मग आधी स्वभाव कळायला नको का? ज्या मुलीला पुस्तक, खेळ, रंग, गणित यांतलं काहीच पुरतं भेटलं नाही, जी सातव्या वर्षी विटांच्या रांगा मोजते, तिचा स्वभाव काय आहे हे तिला कळणार कसं? आणि आपल्याला तरी? तिच्या हातातलं काम हे तिचं स्वकर्म नाही. ते उचल देणाऱ्याने ठरवलेलं कर्म आहे. म्हणजे जो समाज मुलाला त्याचा स्वभाव शोधू देत नाही, तो गीता पाळत नाही, तर गीतेची वाट अडवतो. वर चढायची संधी ही धर्माच्या विरोधातली आधुनिक कल्पना नाही. स्वकर्म सापडण्याची ती पहिली अट आहे.

दुसरं. हा उपदेश कुणाला केलाय ते बघा. अर्जुनाला. राजपुत्राला. ज्याच्याकडे रथ आहे, पर्याय आहे, आणि जो म्हणतोय की त्यापेक्षा भीक मागून जगेन. पर्याय असलेला माणूस कठीण कर्तव्यातून पळत असताना त्याला सांगितलेलं हे वाक्य आहे. ते उचलून, ज्याला पर्यायच नाही त्याच्या कपाळावर मारणं हा श्लोकाचा दुरुपयोग आहे. माझा एक साधा नियम आहे: 'समाधानी राहा' हा उपदेश स्वतःला करावा, शेजाऱ्याला करू नये. शेजाऱ्याला विचारावं, तुला काय हवंय?

तिसरं. कुणी वर गेला किंवा खाली राहिला, तरी देव वरच्या मजल्यावर राहत नाही. आजच्या मधल्या श्लोकाचं मर्म हेच आहे, कर्म हीच पूजा. याचं जिवंत रूप बघायचं तर पेणला या. पेण शहरातल्या काही घराण्यांनी सुरू केलेली गणेशमूर्तींची कला पुढे हमरापूर, जोहे, कळवे अशा गावांत पसरली. आज तिथे शेकडो कारखाने आहेत. कोण कुठल्या जातीचा हे साच्याला कळत नाही, मातीला कळत नाही. ज्याचा हात बसला त्याला डोळ्यांच्या आखणीचं काम मिळतं. कामाने माणूस ओळखला जातो, आडनावाने नाही. आणि आपल्या घरी बाप्पा येतो तेव्हा आपण आधी हात जोडतो त्या डोळ्यांपुढे, जे कुणा कारागिराने श्वास रोखून रेखलेले असतात.

रोह्याला जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनीही हेच सूत्र धरलं होतं. माझ्यात देव आहे तसा समोरच्यातही आहे, हे त्यांनी नुसतं सांगितलं नाही. कोळ्यांच्या वस्तीत 'मत्स्यगंधा' होड्या उभ्या राहिल्या. पाळीपाळीने माणसं त्यावर पूजा समजून राबायची, आणि मासळीचे पैसे देवाचे म्हणून गरजूंकडे जायचे. हातातलं जाळं म्हणजेच पूजेचं तबक. पण लक्षात घ्या, तिथे फक्त भाव वाटला गेला नाही, मिळकतही वाटली गेली.

आता आपलं शहरी आयुष्य. उतरंड गेली असं आपण समजतो. मग सोसायटीत कामवाल्या मावशींसाठी वेगळी लिफ्ट का असते? वॉचमनकाकांसाठी वेगळा कप का असतो? "पॅकेज किती?" हा प्रश्न "आडनाव काय?" याच्या जागी तर येऊन बसला नाही ना? आपण नोकरी बदलतो, शहर बदलतो, 'ग्रोथ' शोधतो, आणि ते करायलाही हरकत नाही. चिंतामणरावांनी केलं तसं जरूर वर जा. पण आपण चढलो तो जिना कुणी बांधला हे आठवू, आणि चढून झाल्यावर तो ओढून घ्यायचा नाही एवढं पाळू.

म्हणून आजचा संकल्प छोटासा. तुमच्या घरी, ऑफिसात, बिल्डिंगमध्ये जे कुणी हाताने काम करतात, त्यांतल्या एका माणसाचं पूर्ण नाव विचारा. गाव विचारा, कदाचित पेण किंवा रोहाच निघेल. मुलं कितवीत आहेत ते विचारा. आणि उत्तर ऐकून जे करावंसं वाटेल ते करा: फी असेल, फॉर्म भरून देणं असेल, रविवारी एक तास गणित शिकवणं असेल. त्याला 'मदत' म्हणू नका. आपल्या आधी कुणीतरी आपल्यासाठी जे केलं, त्याचा तो हप्ता आहे.

हे योगेश्वरा, माझ्या कामात मला रमू दे. माझ्या समाधानाच्या आड दुसऱ्याची अडचण झाकली जाऊ देऊ नकोस. आणि ज्या मुलांना अजून त्यांचा स्वभाव शोधायला सवड मिळालेली नाही, त्यांच्यापर्यंत पोचायची वाट दाखव.

उद्या अठ्ठेचाळिसावा श्लोक घेऊ. धूर आणि अग्नीचा दृष्टान्त आहे, फार गोड आहे. वाचून या.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥